पट्टा नको, जोड शोधा

सांगलीला आमच्या घरामागच्या गल्लीत एक तालीम होती. वडील रोज पहाटे तिथे जायचे. मी सातवीत जाईपर्यंत त्यांच्यासाठी दुधाचा तांब्या घेऊन जात असे आणि उंबऱ्याबाहेर थांबत असे. आत मारुतीची तसबीर, भिंतीला टेकवलेले करेल, म्हणजे व्यायामाचे जड लाकडी मुद्गल, आणि हौद्यात फावड्याने उकरलेली तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असे आणि तो वास दारापर्यंत यायचा. पोरीने मातीत पाय ठेवायचा नाही, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. ते सांगावं लागत नव्हतं.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे, पुण्यात राहते आणि गेली चार वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी ज्युदो शिकते. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मला हमखास विचारतात. मुलीला कराटे लावू की तायक्वांदो? मुलगा फार चिडका आहे, बॉक्सिंग चालेल का? माझी चाळिशी आली, आता काही शिकता येईल का, आणि शिकायचं तर काय? प्रश्न नेहमी कलेच्या नावाचा असतो. माझं म्हणणं असं की नाव दुय्यम आहे. ज्या जागी तुम्ही जाणार आहात तिथे समोरचा माणूस तुम्हाला खराखुरा विरोध करतो का, हे आधी पाहायला हवं. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर तिथे जोड मिळते का? मिळत असेल तर कला कोणतीही चालेल. नसेल तर भिंतीवर कितीही मोठ्या गुरूंचे फोटो असोत, तुम्ही कवायत शिकून घरी याल.

हे मला माझ्या मुलीमुळे उमगलं. ती सहा वर्षांची असल्यापासून आमच्या भागातल्या एका क्लासला जायची. दर चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, पट्ट्याची वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी. नवव्या वर्षी तिच्या कमरेला तपकिरी पट्टा होता. त्या दिवाळीत घरी सगळी भावंडं जमली असताना तिच्यापेक्षा वर्षाने मोठ्या आतेभावाने खेळता खेळता तिचं मनगट धरलं. तिला क्लासमध्ये मनगट सोडवायचे कितीतरी प्रकार शिकवले होते, नावांसकट. एकही चालला नाही. ती रडली ती हात दुखला म्हणून नाही. तीन वर्षं जे येतं असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं ते येत नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं. त्या मुलाने काही विशेष केलं नव्हतं. क्लासमधला जोडीदार हात सैल सोडायचा, याने सोडला नाही, एवढाच फरक.

आमच्याकडे मैदानात दोन पैलवान आधी ठरवून लढले की लोक लगेच ओळखतात आणि ओरडतात, ‘नुरा आहे, नुरा!’ नुरा कुस्तीत डाव दिसायला सुंदर असतात. ढाक बसते, धोबीपछाड लागते, कारण समोरचा लागू देत असतो. आपल्या मुलांच्या बऱ्याच क्लासांमध्ये वर्षानुवर्षं हेच चालतं, फक्त तिथे ओरडायला जाणकार प्रेक्षक नसतो. पालक टाळ्या वाजवतात.

ठरलेल्या हालचालींचा सराव वाईट, असं मला म्हणायचं नाही. पैलवानही डाव आधी सावकाश घोटून घेतो. प्रश्न तिथेच थांबण्याचा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळाच्या बारा चटयांच्या खोलीत नऊ विद्यार्थ्यांसह ज्युदो सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. जपानातल्या जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांत हाडं मोडणारे, डोळ्यांवर आणि मर्मांवर जाणारे डाव भरपूर होते. पण असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने कसे करणार? ते हवेत किंवा हळूच करून दाखवावे लागत. कानोंनी त्यातले धोक्याचे डाव मुक्त सरावातून बाजूला काढले आणि फेकणं, दाबून धरणं यांवर भर दिला. या मुक्त सरावाला तिथे रंदोरी म्हणतात. कमी घातक डाव ठेवले म्हणून रोज पूर्ण जोराने, मनापासून विरोध करणाऱ्या माणसावर ते घासता आले. मला हा शारीरिक शिक्षणातला फार मोठा शोध वाटतो. ‘आमची कला इतकी जीवघेणी आहे की तिची झटापट करताच येत नाही’ असं जिथे सांगितलं जातं, तिथून मी पाय काढता घेईन.

आपल्या आखाड्याला मात्र हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिथे जोर-बैठका झाल्या की लगेच कुस्त्या धरल्या जातात. कोण कुणाला भारी आहे हे रोज सकाळी पुन्हा ठरतं आणि वस्ताद कठड्यावर बसून ते पाहत असतो. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना गादीची, म्हणजे मॅटची, फारशी सवय नव्हती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जमीन बदलली, नियम बदलले, समोरच्याची भाषाही वेगळी होती. पण धडपडणारं शरीर हातात धरण्याची सवय जुनी होती. ती सवय माती आणि गादी यांत भेद करत नाही.

आता पट्ट्यांकडे येते, कारण आईबापांचा निम्मा निर्णय त्यांवरच होतो. काळा पट्टा ही हजार वर्षांची गूढ परंपरा आहे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात कानोंनी पहिल्या दोघांना ‘दान’ ही पायरी, आज काळ्या पट्ट्याने दाखवतात ती, दिली ती १८८३ साली, आणि पिवळा-नारिंगी-हिरवा अशी रंगांची शिडी तेव्हा नव्हती. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ साली कराटे घेऊन टोकियोला आले आणि त्यांनी ज्युदोचा पोशाख आणि पट्टा उचलला. रंगांची शिडी रुजवली ती १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकोनोसुके कावाइशी यांनी. शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतो आहोत हे दिसलं की तो टिकतो, हे त्यांनी ओळखलं. कल्पना चांगलीच होती. आजही लहान मुलाला नवा पट्टा मिळतो तेव्हा त्याचा आनंद खरा असतो, तो मला हिरावून घ्यायचा नाही.

पण फ्रान्सने दुसरीही एक गोष्ट केली, ती आपण उचलली नाही. नोव्हेंबर १९५५मध्ये तिथे कायदा झाला की ज्युदो आणि जुजुत्सू शिकवायचं तर सरकारमान्य पदविका हवी. आज फ्रान्समध्ये ज्युदोच्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या पाच लाखांच्या घरात आहे, त्यांत मुलं प्रचंड संख्येने. आपल्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास काढणाऱ्याला अशी पदविका कुणी विचारत नाही. पट्ट्याचे रंग पॅरिसहून आपल्यापर्यंत पोचले, कायदा पोचला नाही.

या कायद्याची गरज किती आहे हे समजायला जपानकडे पाहावं लागतं, आणि ते ज्युदोवर प्रेम करणाऱ्या मला जड जातं. १९८३नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. बऱ्याच जणांच्या डोक्याला मार लागला होता, आणि त्यांत नवशिकी मुलं मोठ्या प्रमाणात होती. ज्यांना अजून नीट पडताही येत नव्हतं अशा मुलांना मागे पाडणाऱ्या जोरदार फेकी बसल्या. ही कला जिथे जन्मली तिथेच हे घडलं. म्हणजे कलेचं नाव, देश, परंपरा यांतलं काहीच मुलाचं डोकं वाचवत नाही. वाचवतो तो शिक्षक, जो पहिले दोन महिने तुम्हाला फक्त पडायला लावतो.

मी पहिले दोन महिने फक्त पडत होते. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, हात गादीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी रोज शंभर वेळा पडताना मला लाज वाटायची, बाजूला दहा वर्षांची पोरं सफाईने लोळत असायची. मागच्या पावसाळ्यात बाजारात ओल्या फरशीवरून पाय घसरला, दोन्ही हातांत पिशव्या, आणि मी पाठीवर पडले ती हनुवटी छातीला लावूनच. टोमॅटो फुटले. मला कुणी गुंडाने गाठावं याची शक्यता किती आणि मी न्हाणीघरात, जिन्यात, रस्त्यात घसरून पडेन याची किती? आपल्याकडच्या घराघरांत आजी-आजोबांचं खुब्याचं हाड मोडण्याच्या कहाण्या आहेत. चाळिशीतल्या माणसाने काय शिकावं असं विचारणाऱ्यांना मी म्हणूनच आधी पडायला शिका म्हणते, मग ते ज्युदोत शिका की कुस्तीत.

स्वसंरक्षणाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतल्या मुलींना स्वसंरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं जातं. ते मिळावं, बंद होऊ नये, असंच माझं मत आहे. पण मार्शल आर्ट आणि स्वसंरक्षण या दोन गोष्टी आपण एकच मानतो, तिथे गफलत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाला लाथ कशी मारायची हे शिकलेल्या मुलीपुढे प्रत्यक्षात काका, शेजारी, मित्र, शिकवणीचा मास्तर उभा राहतो. त्याच्यावर हात उचलायला तंत्राआधी परवानगी लागते, स्वतःची स्वतःला.

कॅनडातल्या शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचा कार्यक्रम दिला होता. वर्षभरात त्या गटातल्या ५.२ टक्के मुलींवर बलात्कार झाला, तर ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्या गटात ९.८ टक्के. त्या बारा तासांत लाथाबुक्क्या थोड्या होत्या. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं, ‘त्याला वाईट वाटेल’ हा मनातला अडसर ओलांडणं, मोठ्याने नकार देणं यांवर भर होता. म्हणजे भीती हे कारण असेल तर मुलीला असा कार्यक्रम द्या, तो बारा तासांत होतो, त्यासाठी तिला दहा वर्षं पट्टे गोळा करायला लावू नका. आणि मार्शल आर्ट शिकवायची असेल तर ती खेळ म्हणून, आनंद म्हणून शिकवा. भीतीपोटी लावलेला क्लास मुलं सहा महिन्यांत सोडतात. ज्यांना झटापटीचीच गोडी लागते ती टिकतात.

झटापटीचा एक फायदा तरीही मी सांगेन, कारण तो मी स्वतःत पाहिला. पहिल्यांदा एक साठ-बासष्ट किलोचा कॉलेजकुमार माझ्या गळपट्टीला धरून ओढू लागला तेव्हा माझा श्वास अडकला होता. लग्न झालेल्या, दोन मुलांच्या बाईला परक्या माणसाने असं धरणं ही शरीराला न पटणारी गोष्ट होती. आठ-दहा दिवसांत ती भीती गेली. कुणी धरलं, ढकललं, खाली दाबलं तरी डोकं चालू राहतं, हे शरीराला समजलं. हे ज्ञान सैल हाताच्या जोडीदाराबरोबर मिळत नाही. आणि दुसरं, त्याच मुलाने जोरात हात पिळला आणि मी गादीवर दोन थापा मारल्या, तर त्याने तत्क्षणी सोडलं. समोरच्याने थांब म्हटलं की थांबायचं, हे आठवड्यातून तीन दिवस, पन्नास वेळा घोटून घेणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. मुलीपेक्षा मुलांना हे शिकवायची निकड जास्त आहे.

मग काय पाहायचं? क्लासला जा, तासभर कोपऱ्यात बसा आणि शेवटची वीस मिनिटं बघा. मुलं रांगेत उभी राहून हवेतच ठोसे मारून घरी गेली, की एकमेकांना भिडली? भिडली तर मोठा छोट्याशी कसा वागला? गुरू स्वतः गादीवर उतरतात का, आणि शिष्याकडून कधी पडतात का? दुखापत झालेल्याला पुढच्याच आठवड्यात उभं करतात का? बॉक्सिंग असेल तर डोक्यावरचे ठोसे किती आणि कोणत्या वयापासून, हे मी नक्की विचारेन. माझ्या मुलाच्या डोक्यावर सरावात रोज ठोसे बसणार असतील तर मी त्याला तिथे पाठवणार नाही, मग तिथून कितीही पदकं आलेली असोत. आणि घर ते क्लास हे अंतर. पंधरा मिनिटांवरची साधारण जागा तासाभरावरच्या उत्तम जागेपेक्षा बरी, कारण पावसाळ्यात तुम्ही तिथेच जाल.

सगळ्यांनीच भिडावं असंही नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आहेत. लाठीकाठी, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, साधा भाला आणि दांडपट्टा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. लांब लवचिक पात्याचा पट्टा फिरवणाऱ्या पोरीच्या पायांची चाल मी एकदा रंकाळ्याजवळ पाहिली आणि तासभर जागची हलले नाही. ते शिकायचं ते त्या चालीसाठी, त्या शस्त्राच्या इतिहासासाठी, आणि पट्टा मोडीत निघू नये म्हणून. केरळचं कळरीपयट्टूही तसंच. वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांना २०१७ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि शिकवत होत्या. इथे विरोधाची कसोटी लावू नका. फक्त शिकवणाऱ्याने हे शिकलात की चार जणांना लोळवाल असं सांगू नये, आणि शिकणाऱ्याने मानू नये.

माझी खरी तक्रार आता सांगते. महाराष्ट्रात खऱ्या जोडीची सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पसरलेली जागा म्हणजे तालीम. राजर्षी शाहूंनी १९१२च्या सुमारास खासबाग मैदान उभं केलं, गावोगाव पैलवानांना आश्रय दिला. ती सगळी पुण्याई आपल्याकडे पडून आहे. पण तालमीत जागा आहे ती पैलवान होऊ पाहणाऱ्या मुलाला. बँकेत काम करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला आठवड्यातून तीनदा माती अंगाला लावावीशी वाटली, तर वस्ताद विचारतो, ‘आता काय उपयोग?’ छंद म्हणून कुस्ती ही कल्पनाच आपल्याकडे मान्य नाही. एक तर खुराक खाऊन केसरी व्हा, नाहीतर कठड्याबाहेरून बघा. म्हणून हा माणूस जिमला जातो आणि त्याची मुलगी सोसायटीच्या हॉलमध्ये हवेत ठोसे मारते.

हे नेहमीच असं नव्हतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात वैद्य बंधूंनी १९१४मध्ये केली. तिथे सामान्य विद्यार्थी कुस्ती, लाठी, मल्लखांब, लेझीम शिकत, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा संघ भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेला होता. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२९मध्ये जपानहून शिंझो ताकागाकी यांना ज्युदो शिकवायला बोलावलं, तेही विजेते घडवण्यासाठी नव्हे. साध्या माणसाच्या जगण्यात ताकदीला आणि झटापटीला जागा असावी, असं त्या पिढीला वाटत होतं.

बायकांचं तर विचारूच नका, असं पूर्वी म्हणता आलं असतं. आता नाही. महिलांची कुस्ती २००४पासून ऑलिंपिकमध्ये आहे. मार्च २०२३मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती आमच्या सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मी ती कुस्ती फोनवर पाहिली. वडील शेजारी बसले होते, ऐंशीला आलेले, आणि ‘पट काढ, पट काढ’ म्हणून ओरडत होते. मला आठवतंय, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीत मी त्या जुन्या तालमीत गेले. या वेळी उंबऱ्याच्या आत. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हौदा रिकामा असतो. वस्तादांना विचारलं, की यातला तासभर तुम्ही मोठ्या वयाच्या हौशी लोकांना द्याल का, आणि दुसरा तास बायकांना? पैसे आम्ही देऊ, माती आम्ही उकरू. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘ताई, कपडे बदलायला खोली नाही.’ मागच्या बाजूला जुन्या सामानाची एक खोली आहे, तिला कडी बसवली की झालं. मी त्यांना सव्वीस जणींची नावं आणि फोन नंबर लिहून दिले आहेत. त्यांतली सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची आहे, सगळ्यात मोठी चौपन्न. कडीचा खर्चही मी देते म्हणाले आहे.